आबांचं गॅरेज

(1981 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात धुळ्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘निवृत्तीनंतरचं माझं स्वप्न’. मागून शेवभाजीचा वास यायला लागलाय, त्यामुळे दहाची अकरा मिनिटं झाली तर तुम्ही मला माफ करणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून सरळ सांगतो. माझं स्वप्न म्हणजे एक जुनं गॅरेज. तेही आपल्याच गावातलं, माझ्या वडिलांचं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते पाहिलंय. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, पुढे कडुनिंब, आत ट्रकखाली उतरून काम करायचा खड्डा. आपलं धुळं म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन रस्त्यांची चौफुली. लळिंगचा घाट ओलांडून तापलेला ट्रक आला की पहिला श्वास आमच्या दारात घ्यायचा. ड्रायव्हर त्या ट्रकला ‘मर्सिडीज’च म्हणायचे. टेल्कोचा डायमलर-बेंझशी करार झाला होता 1954 मध्ये, 15 वर्षांचा. तो संपला, ट्रकवरचं चिन्ह बदललं, पण आमच्या गॅरेजात ते नाव पुढे कितीतरी वर्षं चाललं.

डिझेल, ग्रीस आणि जळालेल्या क्लचप्लेटचा मिळून एक वास असतो, तो मला आजही कुठे आला तरी मी थांबतो. भिंतीवर एक फळी होती. आबांनी तिच्यावर प्रत्येक पान्ह्याची, पकडीची, हातोड्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली. हत्यार जागेवर नसलं की नुसती पांढरी आकृती दिसायची. संध्याकाळी ते फळीकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘चौदा-पंधरा कोठे शे?’ मग आम्ही सगळे खड्ड्यात उतरून तो चौदा-पंधराचा पान्हा शोधायचो.

आता एक गोष्ट कबूल करतो. ती मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेली नाही.

नववीत असताना सरांनी वर्गात एकेकाला उभं करून वडिलांचा व्यवसाय विचारला होता. कुणाचे वडील वकील, कुणाचे बँकेत, कुणाची शिरपूरकडे केळीची बाग. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, ‘मोटारींचा व्यवसाय.’ मेस्त्री हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. गंमत अशी, की आदल्याच दिवशी सरांची स्कूटर आमच्या गॅरेजात उभी होती आणि प्लग साफ करून तिला किक मारणारा मीच होतो. सर काही बोलले नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या मुलाकडे वळले.

पंधरा दिवसांनी विज्ञानाच्या तासाला पास्कलचा नियम आला, आणि सरांनी आबांना शाळेत बोलावलं. आबा धुतलेला सदरा घालून, पिशवीत जॅक घेऊन वर्गात आले. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्यांनी टेबलाखाली जॅक लावला, टेबलावर तीन मुलं बसवली आणि आपल्यातल्या सर्वात बारक्या मुलाला दांडा हलवायला सांगितला. टेबल वर उचललं गेलं. मग आबा म्हणाले, ‘पोरंहो, तेल दबस नही. म्हनीसन जोर पुढे जास.’ लहान दट्ट्यावर दाबलेलं तेल मोठ्या दट्ट्याला ढकलतं. मोठ्याचं क्षेत्रफळ जितके पट, तितके पट जोर. मात्र वर चढायचं अंतर तितके पट कमी, म्हणून दांडा पुन्हा पुन्हा हलवावा लागतो. पुस्तकात दीड पान घेतलेली गोष्ट पाच मिनिटांत झाली.

त्यांच्या अहिराणीला मागच्या बाकावरून दोघं-तिघं हसले. आणि मी मान खाली घातली. आबांनी ते बघितलं असणार, कारण ते माझ्याकडेच बघत होते. घरी गेल्यावर ते त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. पुढे मी डिप्लोमा केला, जळगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो, तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांची निगा राखली. आबा गेले. ती मान खाली घातल्याबद्दल त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं. सर आज इथे बसलेत. सर, तुम्ही त्या दिवशी जे केलंत ते मला कळायला फार वेळ लागला.

असो. आता गॅरेजाकडे येतो.

आबा गेल्यानंतर आठ वर्षं ते बंद होतं. रस्त्याला लागून जागा, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर. माझा मोठा भाऊ म्हणतो, विकून टाकू. तो चुकीचा नाही. त्याच्या नातवाचं शिक्षण आहे, माझ्याही घरी खर्च आहेत. मी मात्र मागच्या दिवाळीत शटर उघडलं, फळीवरच्या त्या पांढऱ्या आकृत्या पाहिल्या आणि मला वाटलं, इथे पुन्हा काहीतरी बनलं पाहिजे. भावाने विचारलं, ‘काय बनवशील?’ मला उत्तर देता आलं नाही. ते शोधण्यात माझं वर्ष गेलं. तेच आज तुमच्यासमोर मांडतोय.

गॅरेज म्हटलं की हल्ली अमेरिकेच्या गोष्टी सांगतात. पालो आल्टो गावात ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन मित्रांनी 1939 मध्ये 538 डॉलरच्या भांडवलावर एका घरामागच्या गॅरेजात कंपनी सुरू केली, आज ते गॅरेज स्मारक आहे. ॲपलचंही गॅरेज प्रसिद्ध आहे. पण त्यातले वॉझ्नियाक स्वतःच सांगतात की तिथे फारसं काही घडवलं गेलं नव्हतं. शिवाय तिकडे गॅरेज म्हणजे घराला जोडलेली मोटार ठेवायची खोली, एक जास्तीची जागा. आपल्याकडे जास्तीची जागा कुठे होती? धाब्याच्या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नव्हती.

तरी आपल्या माणसांनी जागा काढली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 सालचा. दादरच्या घरात सरस्वतीबाई सगळ्यांची जेवणं उरकून रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायच्या. आपल्या जळगावला भवरलाल जैनांनी 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन बनवलं. बंद शेडकडे बघून सगळ्यांनाच भंगार दिसत नाही, एवढंच मला त्यातून घ्यायचं आहे.

पण मला खरं उत्तर मिळालं चाळीसगावला. केकी मूस यांचं घर तुम्ही पाहिलंय का? नसेल तर जाऊन या, स्टेशनच्या जवळच आहे. जन्म 1912 चा, मुंबईतला. विलायतेत शिकून आलेला हा पारशी कलावंत चाळीसगावच्या घरात शिरला आणि जवळजवळ पन्नास वर्षं, 1989 मध्ये जाईपर्यंत, क्वचितच बाहेर पडला. लोक त्यांच्या एकांताची, कुणाची तरी वाट पाहण्याची गोष्ट सांगतात. मी मात्र तिथे मेस्त्रीच्या डोळ्यांनी पाहत होतो. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, प्रकाश हवा तसा सोडायचा आणि खऱ्या निसर्गदृश्यासारखं वाटेल असं छायाचित्र काढायचं, ही त्यांची खासियत. आता विचार करा, अशी मांडणी एका बैठकीत जमत नाही. आज मांडलं, उद्या प्रकाश बदलला, परवा एक वस्तू दोन बोटं सरकवली. म्हणजे टेबल तसंच राहायला हवं. ‘जेवायची वेळ झाली, उचला पसारा’ असं म्हणणारं कुणी नको.

तिथे मला कळलं. गॅरेजाची ओढ वासाची नाही, जुन्या हत्यारांचीही नाही. उघडलेलं इंजिन रात्री तसंच ठेवून शटर ओढता येतं, म्हणून ते गॅरेज. सकाळी येऊन कालच्या नटापासून पुढे सुरू करता येतं. सांडलं तर सांडलं, बिघडलं तर बिघडलं. घरात आपल्याला सगळं मिळतं, पण काम अर्धवट ठेवायची परवानगी मिळत नाही.

हे मी आपल्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती गोधड्या शिवते, सुंदर शिवते. ती म्हणाली, ‘तुम्हा पुरुषांना निदान गॅरेज तरी होतं. मी आजही दिवसातून तीनदा गोधडी गुंडाळून कपाटावर टाकते. पुन्हा अंथरेपर्यंत डोक्यातली नक्षी निघून जाते.’ मी गप्पच बसलो. मग बहिणाबाई आठवल्या. जात्यावर, शेतात काम करता करता त्यांनी ओव्या रचल्या. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी लिहून घेतल्या म्हणून त्या गेल्यानंतर 1952 मध्ये पुस्तक निघालं. आपण अभिमानाने सांगतो, बघा, खोली नव्हती तरी गाणी झाली. पण जात्याच्या घरघरीत किती ओव्या विरून गेल्या, त्याचा हिशोब कुणी ठेवलाय?

तर भावाला मी उत्तर दिलं. म्हटलं, मला काही बनवायचं नाही. जागा ठेवायची आहे. तो हसला. मग म्हणाला, ‘दोन वर्षं. दोन वर्षांत तिथे तुझ्याशिवाय दुसरं कुणी आलं नाही, तर विकायचं.’ मी हो म्हटलं. मला हा सौदा रास्त वाटतो.

आतापर्यंत काय केलं ते थोडक्यात. जमिनीत तीस वर्षांचं तेल मुरलेलं होतं. लाकडाचा भुसा आणि चुना पसरून ठेवायचा, झाडायचा, पुन्हा पसरायचा, असं पाच वेळा केलं. खड्ड्यावर जाड फळ्या टाकल्या. वायरिंग सगळं नवीन, अर्थिंगसकट, कारण पोरं येणार. पत्र्याला वरून चुना मारला. तरी मे महिन्यात धुळ्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या दिवसांत सकाळी सहा ते दहाच काम. उत्तरेकडच्या भिंतीला खिडकी पाडली, तिकडचा उजेड दिवसभर सारखा राहतो. चार मोठी टेबलं केली. एकाला आबांचा शेगडा बसवलाय. दुसरं नुसतं सपाट आणि स्वच्छ आहे, ते गोधडीसाठी. हत्यारांची फळी होती तशीच ठेवली, फक्त पांढरा रंग पुन्हा ओढला.

सध्या रविवारी वस्तीतली चार मुलं येतात. एकाने जुन्या कूलरची मोटर सोडवलीय, तीन रविवार झाले, जोडता येत नाहीये. त्याची आई विचारायला आली, ‘काही शिकतोय का नुसता खेळतोय?’ मी म्हटलं, ‘ताई, अजून जोडता येत नाही म्हणजे शिकतोय.’ आबा अशा वेळी म्हणायचे, ‘आधी हातले कयस, मंग डोकाले.’ हल्ली मी ते त्यांच्याच बोलीत म्हणतो. सगळ्यांसमोर.

मित्रांनो, मी तुमच्याकडे वर्गणी मागायला उभा नाही. तुमच्यापैकी कुणी रेडिओ उघडायचे, कुणी चित्रं काढायचे, कुणाच्या घरी तबला पडून आहे हे मला माहीत आहे. ते काम घेऊन एका रविवारी या, टेबलावर मांडा आणि अर्धवट सोडून जा. पुढच्या रविवारी ते तिथेच असेल. कुणी हात लावणार नाही, हा शब्द. ज्याला येणं जमणार नाही त्याने एखादं वापरातलं हत्यार द्यावं. फळीवर त्याची आकृती मी काढीन.

सर, तुम्हाला एक विनंती आहे. तो जॅक अजून चालतो. वॉशर बदललं, तेल भरलं. एका रविवारी या आणि त्या पोरांना पास्कलचा नियम शिकवा. दांडा या वेळी मी हलवीन, आणि त्यांनी विचारलं की हा जॅक कुणाचा, तर सांगीन, माझ्या वडिलांचा. ते मेस्त्री होते.

अकरा मिनिटं झाली. चला, शेवभाजी थंड होतेय.