काटा, गुंज आणि खिशातला तराजू
(संत नरहरी महाराज पुण्यतिथीनिमित्त भरलेल्या वार्षिक संमेलनातील भाषण)



चिटणीसांनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी 'खिशातला तराजू' असे उत्तर दिले. ते क्षणभर थांबले. संतांच्या पुण्यतिथीच्या दिवशी यंत्राची कथा कशाला, असे त्यांच्या मनात आले असावे. परंतु नरहरी महाराजांच्या चरित्रातील जो प्रसंग आपल्या घरोघरी सांगितला जातो, तो मुळात मापाचाच आहे. सावकाराने आणून दिलेल्या मापाबरहुकूम त्यांनी विठ्ठलाच्या कमरेचा साखळीगोफ घडविला आणि तो कधी आखूड झाला, कधी लांब. माप आणणारा प्रामाणिक, घडविणारा निष्णात, तरी दागिना काही बसेना. त्या कथेचे भक्तिरहस्य उलगडण्याचा अधिकार माझा नाही. रात्री कीर्तनात बुवा ते सांगतीलच. मी तिच्यातील व्यावहारिक भाग तेवढा उचलतो. दोन्ही बाजू सचोटीच्या असूनही मापात अंतर पडू शकते, आणि असे अंतर गेल्या वर्षी आमच्याच आप्तांत पडले.

माझ्या एका मावसबहिणीने दिवाळीपूर्वी जुन्या पाटल्या मोडून नवी जोडी करून घेतली. करणारे गृहस्थ आपल्याच ज्ञातीतील. दोन्ही घरांचा देण्याघेण्याचा संबंध तीन पिढ्यांचा. पावतीवर वजन होते ४२.३६ ग्रॅम. घरी नातवाने मोबाईलवरून मागविलेला एक विजेरीवर चालणारा, वहीएवढासुद्धा नव्हे, पत्त्यांच्या जोडाएवढा तराजू होता. ताईंनी सहज हौसेने त्यावर पाटल्या ठेविल्या, तो आकडा उमटला ४१.९२. चव्वेचाळीस शतांश ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने साडेतीन गुंजांहून अधिक तूट! पुन्हा ठेविल्या, पुन्हा तोच आकडा. तिसऱ्यांदाही तोच. ताई मुळात भांडखोर नव्हेत. परंतु फोनवर एक वाक्य त्यांच्या तोंडून निसटून गेले आणि त्या गृहस्थांनी उलट एक शब्दही न बोलता फोन खाली ठेविला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या घरचे कोणी आले नाही. शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवीत असे, एवढ्या भांडवलावर ताईंनी तो तराजू माझ्यापुढे आणून ठेविला. "भाऊ, हे यंत्र काही खोटे बोलणार नाही. तीनदा तोच आकडा दाखविला," असे त्या म्हणाल्या.

या 'तीनदा तोच आकडा' विषयीच आज मला बोलावयाचे आहे.

आपल्या वाडवडिलांचा काटा आठवा. मध्ये टांगलेली दांडी, दोन बाजूंस दोन पारडी, आणि वारा लागू नये म्हणून भोवती काचेची पेटी. एका पारड्यात दागिना, दुसऱ्यात वजन. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. गुंज हे वेलीवरचे लाल-काळे बी, आणि कोणतेही बी दुसऱ्या बीशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून जाणते कारागीर मूठभर बियांतून निवडून सारख्या वजनाच्या गुंजा जपून ठेवीत. पुढे तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा ठरला. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि १९६२ पर्यंत ती व्यापारात सक्तीची झाली. ओघात आले म्हणून सांगतो, आज पेढीवर 'तोळा' म्हणतात तो दहा ग्रॅमचा. आजीच्या हातच्या जुन्या यादीत 'दहा तोळे' लिहिलेले असेल, तर ते १०० ग्रॅम नव्हेत, ११६ ग्रॅमांहून अधिक आहेत. वाटणीच्या वेळी भावाभावांत निष्कारण संशय येऊ नये, म्हणून एवढे ध्यानात ठेवावे.

आता खिशातल्या तराजूकडे वळू. त्यात दांडी नाही, दुसरे पारडेही नाही. पाते उघडले तर आत अॅल्युमिनियमची बोटभर पट्टी दिसते. मध्यभागी ती मुद्दाम कोरून पातळ केलेली असते. त्या पातळ जागी कागदासारख्या पापुद्र्यावर धातूची अतिसूक्ष्म नागमोडी जाळी चिकटविलेली असते. वजन पडले की पट्टी वाकते, डोळ्यांना कदापि दिसणार नाही इतकी, आणि तिच्याबरोबर जाळी ताणली जाते. ताणलेल्या तारेतून वीज जाताना अडथळा किंचित वाढतो. ही ताणमापक जाळी १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघा संशोधकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केली. अशा चार जाळ्या चौकोनात जोडून त्यांच्यातील फरक तेवढा मोजावयाचा, ही युक्ती त्याहून जुनी. व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते आणि शाळेच्या प्रयोगशाळेत आपल्या मुलांनी ती पाहिलेली असते. दोनशे ग्रॅम पेलणारा तराजू शतांश ग्रॅम दाखवितो, म्हणजे एका मापाचे वीस हजार भाग पाडतो. यातील एकेका भागामागे विजेच्या दाबात पडणारा फरक एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असतो. एके काळी जे काम प्रयोगशाळेतील काचेच्या कपाटात चाले, ते आज काहीशे रुपयांच्या डबीत होते. ही प्रगती खरोखर थक्क करणारी आहे आणि तिची थट्टा करण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही.

परंतु या डबीचे स्वभावही पुष्कळ आहेत. गादीवर किंवा तिरप्या जागी ठेविली की ती चुकते. डोक्यावर पंखा फिरत असेल तर शेवटचा आकडा नाचत राहतो. पर्समध्ये चाव्यांखाली दडपली गेली तर पट्टीला कायमचा बाक येतो. विजेरी वाचविण्यासाठी ती मध्येच आपोआप मिटते, आणि वाटीचे वजन वजा करून ठेविले असेल तर तेही विसरते. सर्वांत चमत्कारिक स्वभाव शून्याचा आहे. रिकाम्या पारड्यावर धूळ बसली किंवा उष्म्याने आकडा सरकला, तर शून्य ढळू नये म्हणून अनेक तराजू आपले शून्य गुपचूप दुरुस्त करीत असतात. सोयीची गोष्ट खरी. परंतु रिकाम्या पारड्यात सोन्याचा कीस अगदी चिमटीचिमटीने, सावकाश टाकीत गेलात, तर यंत्र त्यालाही धूळ समजते आणि आकडा शून्यच राहतो! घरी करून पाहावयाचे असेल तर रवा घ्यावा, कीस नको. कीस मोजताना तो आधी कागदावर गोळा करून एकदम ठेवावा, हे आपल्या तरुण कारागिरांना मी आग्रहाने सांगेन.

याहून मूलगामी गोष्ट निराळी आहे. काट्यावर दागिना आणि वजन या दोहोंना पृथ्वी सारख्याच जोराने ओढते. त्यामुळे काटा दिल्लीत न्या, मुंबईत न्या, किंबहुना चंद्रावर न्या, उत्तर तेच. डबीत मात्र दुसरे पारडे नाही. पृथ्वीने दागिना किती ओढला एवढेच ती जाणते, आणि पृथ्वीची ओढ सर्वत्र सारखी नसते; विषुववृत्तापाशी कमी, ध्रुवांकडे अधिक. १६७२ साली रीशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला, तेव्हा पॅरिसला बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, ते याच कारणाने. दिल्लीत जुळविलेला तराजू तसाच मुंबईस आणला, तर शंभर ग्रॅम सोन्यामागे तो सुमारे ५८ मिलिग्रॅम कमी दाखवील. जवळजवळ अर्धी गुंज! कोणी चोरली नाही, कोठे सांडली नाही; अक्षांश बदलला एवढेच.

म्हणून अशा प्रत्येक तराजूला, तो जेथे वापरावयाचा तेथे, एक खात्रीचे वजन ठेवून 'हे शंभर ग्रॅम समज' असे शिकवावे लागते. त्यासाठी एक बटन असते. एकदा शिकविले की यंत्र ते निमूटपणे मानते आणि पुढचे सर्व आकडे त्याच प्रमाणात सांगते. खरे शिकविले तर खरे, चुकीचे शिकविले तर तितक्याच ठामपणे चुकीचे.

ताईंच्या तराजूची परीक्षा मी या दृष्टीने केली. माझ्या जुन्या शाळेतून पितळी वजनांची पेटी मागून आणली, पंखा बंद केला, तराजू ओट्याच्या सपाट दगडावर ठेविला. दहा ग्रॅमला आकडा आला ९.९०, वीसला १९.७९, पन्नासला ४९.४८. पुन्हापुन्हा ठेवून पाहिले, आकडे तेच. पट्टीला बाक आला असता तर चूक अशी सारख्या प्रमाणात सहसा पडली नसती. येथे मात्र सर्वत्र शेकडा एक कमी. म्हणजे यंत्र निरोगी होते. त्याला धडाच चुकीचा मिळाला होता.

नातवाला विचारले. मुलगा गुणी आहे, त्याने लगेच सांगितले. सोबतच्या पत्रकात 'वापरापूर्वी शंभर ग्रॅमचे वजन ठेवून जुळवून घ्या' अशी सूचना होती, परंतु डबीबरोबर वजन दिलेले नव्हते. तेव्हा त्याने स्वयंपाकघरातून चहाचा पुडा आणला. पुड्यावर स्पष्ट छापले होते, १०० ग्रॅम. तो ठेविला आणि बटन दाबले. पुड्यावर छापतात ते आतील चहाचे निव्वळ वजन. वेष्टनाचे वजन त्यात धरलेले नसते. सुदैवाने तो पुडा अद्याप फोडला नव्हता. शाळेच्या वजनांशी ताडून पाहिला तो १०१ ग्रॅमहून थोडा अधिक भरला. तो जास्तीचा एक ग्रॅम यंत्राने शंभरातच गणला, आणि ४२.३६ ग्रॅमच्या पाटल्या ४१.९२ झाल्या. गणित करून पाहावे, शतांशापर्यंत जुळते. चहावाला खरा, नातू खरा, तराजूही आपल्या परीने खरा, आणि एका कारागिराच्या तीन पिढ्यांच्या नावाला मात्र डाग लागत होता.

श्रोतेहो, सूक्ष्मता निराळी आणि अचूकता निराळी. आकडा किती बारीक दाखविला आणि तो किती वेळा तोच आला, ही सूक्ष्मता. तो सत्याला धरून आहे की नाही, हे त्या डबीला ठाऊक नसते. तिच्याबाहेरच्या वजनालाच ते विचारावे लागते. त्या वजनाला दुसरे, दुसऱ्याला तिसरे, अशी साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तेथे प्लॅटिनम-इरिडियमचा किलोग्रॅम जपून ठेविलेला आहे. पॅरिसजवळील सेव्र येथील मूळ नगाच्या प्रतिकृतींपैकी त्याचा क्रमांक ५७. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या धातूच्या तुकड्यावरून काढून निसर्गातील एका स्थिरांकावर, प्लांकच्या स्थिरांकावर, बसविण्यात आली. पेढीवरील तराजूवर वैधमापन शास्त्र यंत्रणेचा जो शिक्का असतो, तो या साखळीतील आपल्या बाजूची कडी होय. घरातील डबीला तो नसतो. तिच्यावर व्यवहार करणे कायद्यासही मान्य नाही.

याचा अर्थ गिऱ्हाइकाने पेढीवरच्या आकड्यापुढे मुकाट्याने मान तुकवावी असा नव्हे. उलट आपल्या सराफ बंधूंना माझी विनंती आहे की, शिक्का मारलेले पन्नास ग्रॅमचे एक वजन तराजूशेजारी उघड ठेवावे आणि दागिना तोलण्यापूर्वी ते गिऱ्हाइकाच्या देखत ठेवून दाखवावे. अर्धे मिनिट लागेल. काहींना यात कमीपणा वाटतो, हे मला माहीत आहे. मला तो वाटणे समजत नाही. जुना काटा तोलताना वजने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच असत. ती पेटीत गेली आणि आकडा तेवढा बाहेर राहिला, तेव्हापासून संशयाला जागा झाली.

माघात मी ताईंना घेऊन त्या गृहस्थांच्या घरी गेलो. बरोबर पाटल्या, तराजू, शाळेची वजनपेटी आणि तो चहाचा पुडा. त्यांनी प्रथम पेढीच्या तराजूवर शिक्क्याचे वजन ठेविले, मग पाटल्या. आकडा पावतीतलाच आला. त्यानंतर ते आत गेले आणि वडिलांचा काटा घेऊन आले. दांडीवरची धूळ पुसली, पारडी सम करून घेतली, आणि ताईंना म्हणाले, "आता तुम्हीच तोला." ताईंचा हात कापत होता, म्हणून काटा स्थिरावयास बराच वेळ लागला. वजन जुळले. आतून वहिनींनी चहा आणला, तो पुडा पाहून त्यांना हसू आवरेना. तराजू मी त्याच दिवशी शंभर ग्रॅमच्या खऱ्या वजनाने जुळवून नातवाला परत दिला. ताई आता त्याच्यावर केशर आणि वेलदोडे तोलतात.