पाकिटावरचा पत्ता





मी शास्त्रज्ञ नाही, आंबा बागायतदार आहे. आपण अभ्यासक ज्याला शैवाक म्हणता ते आमच्या गोड्या मसाल्यात दगडफूल म्हणून पडते, आणि कलमाच्या खोडावर दिसले की रोग समजून खरवडले जाते. माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षे पोत्याच्या तुकड्याने खोडे घासली. बुरशी आणि शेवाळ यांचा हा जोडसंसार आहे, शेवाळ उन्हावर स्वतःच अन्न तयार करते, झाडाचे काही खात नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

मला ते एका संशोधक मुलीने सांगितले. ती आमच्या गडग्यापाशी बसली, जांभ्यावर पाणी शिंपडून करड्या पापुद्र्याला मऊ होऊ दिले आणि छिन्नीने दगडाची कपची त्याच्यासकट उचलली. सावलीत वाळवून घडीच्या कागदी पाकिटात ठेवली. वर लिहिले, ‘रत्नागिरी, दगडावर’. मी म्हटले, बाई, वाडीचे नाव घाल, गडग्याची समुद्राकडची बाजू लिही.

आज माझे एवढेच मागणे आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेतले आजरेकरांच्या नावाचे कवकसंग्रहालय असो की लखनौचे हर्बेरियम, तिथे नमुना टिकतो. इथे झाड टिकत नाही. रस्ता रुंद होतो, आंबा पडतो. चिरेखाण लागते, कातळ जातो. मग तिथे काय वाढत होते याचा पुरावा म्हणून पाकीटच उरते, आणि पत्ता मोघम असेल तर तो पुरावाही लंगडा. शैवाकाला मूळ नाही, ते हवेतूनच पाणी घेते; धूर, खार सगळे अंगावर घेते. 1866 मध्ये शैवाकांचे अभ्यासक नायलँडर यांनी पॅरिसमधली शैवाके पाहून तिथली हवा ओळखली होती. आमच्या किनाऱ्याची हवाही आपल्या पाकिटांत बंद होत असते.

डॉ. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखिजा यांनी पुण्यात बसून शैवाकांचा अभ्यास उभा केला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण कोकणातल्या वाड्यावाड्यांतून अजून पुष्कळ गोळा व्हायचे आहे.

त्यासाठीच उद्या सकाळी सहाला गाड्या निघतील. माझ्या बागेतली दोन जुनी कलमे मी यंदा घासू दिलेली नाहीत. छिन्नी, भिंग आणि भरपूर पाकिटे बरोबर घ्या. वाडीची नावे सांगायला मी असेन.