समाजाच्या बळावर उभा राहिलेला चित्रपट



चित्रपटाचा धंदा मुंबईत चालतो. परंतु चित्रपटाचे एक निराळे, स्वतंत्र साधनापीठ पुण्यात उभे राहिले. १९३३ साली कोल्हापूरहून आलेल्या ‘प्रभात’ने या नगरीला हा संस्कार दिला. त्याच भूमीत पुढे एका समाजशास्त्राच्या अभ्यासिकेने तीन दशकांहून अधिक काळ, कोणत्याही बलाढ्य चित्रसंस्थेच्या आश्रयाविना, चित्रपट केले. त्या म्हणजे सुमित्रा भावे.

१२ जानेवारी १९४३ रोजी जन्मलेल्या सुमित्राताईंनी चित्रपटकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या शिकल्या आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले. वस्त्यांतील कष्टकरी स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करीत असता त्यांच्यापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. ज्या स्त्रियांविषयी प्रबंध लिहायचा, त्यांना तो वाचता येणार नसेल, तर त्या ज्ञानाचा त्यांना उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १९८५ सालचा ‘बाई’ हा लघुपट. वयाची चाळिशी ओलांडल्यावर केलेल्या या पहिल्याच प्रयत्नास कुटुंबकल्याणविषयक राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर यांची साथ त्यांना लाभली. अभ्यासकाची दृष्टी आणि तंत्राचे शिक्षण यांचा तो संगम होता. १९९५ साली ‘दोघी’ आला. लग्नाच्या दिवशीच वर दगावल्याने अपशकुनी ठरलेली थोरली बहीण आणि तिच्या बलिदानावर तगलेले घर, असे त्याचे कथानक. २००२ सालच्या ‘वास्तुपुरुष’मध्ये ओसरत्या वैभवाच्या वाड्यातून मुलाला डॉक्टर करू पाहणारी आई आहे. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान प्राप्त झाला.

तथापि या कारकिर्दीचे खरे वैशिष्ट्य पुरस्कारांत नाही. चित्रपटासाठी द्रव्य कोठून आणावयाचे, हा स्वतंत्र दिग्दर्शकाचा कायमचा पेच असतो. सुमित्राताईंनी तो समाजाच्या साहाय्याने सोडविला. समाज ज्या दुःखाविषयी बोलण्यास कचरतो, त्या दुःखासाठी झटणारी माणसेच त्यांच्या पाठीशी उभी राहिली. स्किझोफ्रेनियावरील ‘देवराई’ (२००४) डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने झाला; कोडाविषयीच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटामागे डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशनचे बळ होते. मनोविकारतज्ज्ञ आणि नट असलेले डॉ. मोहन आगाशे ‘अस्तु’मध्ये स्मृती हरपलेले संस्कृत पंडित झाले आणि ‘कासव’च्या निर्मितीतही सहभागी झाले. विषय प्रचाराचा असूनही या कलाकृती प्रचारकी झाल्या नाहीत. रुग्ण हा दयेचा विषय न राहता घरातील माणूस म्हणून प्रेक्षकांसमोर आला.

नैराश्याने खचलेल्या तरुणाला कोकणच्या किनाऱ्यावर मायेचा आसरा मिळतो, ही ‘कासव’ची कथा. २०१६ या वर्षासाठी त्यास सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळविणारा तो पाचवा मराठी चित्रपट ठरला.

दि. बा. मोकाशी यांच्या कथेवर आधारित ‘दिठी’ हे त्यांचे अखेरचे पुष्प. तरुण मुलगा पुरात गमावलेला वारकरी लोहार अडलेल्या गायीची सुटका करता करता पुन्हा जीवनाशी जोडला जातो. १९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राताईंचे निधन झाले आणि त्यानंतर महिनाभराने, २१ मे रोजी, ‘दिठी’ घरोघरच्या पडद्यावर पोहोचला.

मात्र एक शल्य उरतेच. २०१३ या वर्षासाठीचे राष्ट्रीय पुरस्कार मिळविणाऱ्या ‘अस्तु’ला चित्रपटगृहांत येण्यास २०१६ साल उजाडावे लागले. असा चित्रपट निर्माण होण्यास समाजाने हात दिला. तो पाहिला जावा यासाठी समाज तितका सरसावला नाही. वितरकास दोष देऊन प्रेक्षकाचे दायित्व संपत नाही. गणेशोत्सव मंडळे, महाविद्यालये आणि वाचनालये यांनी योग्य मूल्य देऊन वर्षातून एक असा चित्रपट दाखवावा, त्यावर चर्चा घडवावी. वस्तीतील बायांपर्यंत पोहोचावे म्हणून सुमित्राताईंनी हे माध्यम हाती घेतले होते. ते कार्य पुढे नेण्याची जबाबदारी आता प्रेक्षकांवर आहे.