काचेवरचा पाहुणा



फलटणमध्ये माझं रेडियमचं दुकान आहे. आम्ही गाड्यांवर जे लावतो त्यात रेडियम धातू नसतोच. पूर्वी अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांना लोक रेडियम म्हणायचे, पुढे साध्या विनाईल प्लास्टिकलाही तेच नाव चिकटलं. मी सुरुवात केली ब्रशनं नंबरप्लेट रंगवण्यापासून. नंतर हातात ब्लेड आलं, मग विनाईल कापणारं यंत्र, म्हणजे कटिंग प्लॉटर. एवढ्या वर्षांत चिकटवण्याच्या नाना तऱ्हा शिकलो. लावलेलं काढायचं कसं, हे मात्र मला कोणी शिकवलं नाही. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. एका गिऱ्हाइकानं लग्नासाठी गाडीच्या मागच्या काचेला आतून नावं लावून घेतली होती. वर्षभरानं काढायला आणली तेव्हा उन्हानं गम काचेत मुरल्यासारखा झाला होता. घासलेट लावलं, थिनर लावलं, शेवटी ब्लेड घेतलं. त्या काचेवर आतल्या बाजूनं बारीक तांबूस रेघा असतात, डिफॉगरच्या. थंडीत काचेवरची वाफ घालवायला त्यातून वीज जाते. माझ्या ब्लेडनं त्यातल्या तीन रेघा तुटल्या. भरपाई मी दिली, पण त्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न ठरला : हे किती दिवसांसाठी पाहिजे?

उत्तर ‘आषाढी होईपर्यंत’ किंवा ‘अनंत चतुर्दशीपर्यंत’ असं आलं, तर गमाचं विनाईल मी कपाटातून काढतच नाही. त्यासाठी बिनगमाचं विनाईल मिळतं, बाजारात त्याला स्टॅटिक क्लिंग म्हणतात. पाठीचा कागद सोडवायचा, काचेवर टेकवायचं, हात फिरवायचा, बस्स. काढताना कोपरा नखानं उचलला की अख्खं सुटून येतं. काचेवर डाग नाही, चिकटा नाही.

हे चिकटतं कशानं? नावात स्टॅटिक आहे म्हणून सगळे म्हणतात, स्थिर विजेनं. कागदावरून सोडवताना वीज तयार होते हे खरं. हात जवळ नेला तर अंगावरचे केस उभे राहतात. पण पावसाळ्यात दमट हवेत ती वीज लवकरच निघून जाते, आणि तरी माझं विनाईल श्रावणभर काचेवर टिकतं. तेव्हा मुख्य काम वीज करत नाही. हे विनाईल म्हणजे पीव्हीसी, आणि त्यात मऊपणा आणणारं तेलासारखं द्रव्य भरपूर घातलेलं असतं. त्यामुळे ते इतकं लवचीक आणि गुळगुळीत होतं की काचेला अंगभर लागून बसतं, मधे हवा उरत नाही. दोन पृष्ठभाग इतके जवळ आले की त्यांचे रेणूच एकमेकांना धरतात. भिंतीवरची पाल याच जातीच्या ओढीवर उलटी चालते, तिच्याही पायाला गम नसतो. म्हणूनच धूळ या विनाईलची वैरीण. एक कण मधे आला की त्याच्याभोवती हवेचा फुगा राहतो, आणि तिथूनच कड सुटायला लागते.

पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ. ते मऊ केलं वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं, १९२६ साली, बी. एफ. गुडरिच या टायरच्या कंपनीत. तो शोधत होता रबर धातूला चिकटवणारा गम. गम काही साधला नाही, हाती आलं ते मऊ, वाकणारं प्लास्टिक. गमाच्या शोधातून निघालेला हा पदार्थ पुढे गमाशिवाय चिकटावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यानंतर १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी आणि पॅट्रिशिया किस्लेविट्झ या नवराबायकोनं पर्सा बनवायच्या विनाईलचे आकार कापून न्हाणीघराच्या चकचकीत रंगावर लावले. ते चिकटले, निघाले, पुन्हा चिकटले. त्यातून कलरफॉर्म्स हे मुलांचं खेळणं तयार झालं. आपल्या गाडीवरचा स्टॅटिक स्टिकर त्याचाच भाऊबंद.

आता करायचं कसं, ते सांगतो. गमाच्या विनाईलची सवय असलेले कारागीर इथेच फसतात.

प्लॉटरचं पातं असं बसवायचं की विनाईल कापलं जावं आणि मागच्या कागदावर नुसता ओरखडा यावा. हे विनाईल जाड आणि मऊ असतं, बोथट पात्यानं ते कापलं न जाता ओढलं जातं. म्हणून आधी एक चौकोन कापून बघायचा. कोपरे गोल ठेवायचे, कारण टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो. आणि महत्त्वाचं म्हणजे कागदालाही ते गमानं धरलेलं नसतं. सुटी सुटी अक्षरं कापलीत तर ती जागची हलतात, ट्रान्सफर टेपनं उचलून ओळीत लावणंही कठीण जातं. तेव्हा काचेवर जायचं ते एकसंध असलं पाहिजे.

आपल्या लिपीचं देणं मला कळलं ते इथे. इंग्रजी नाव कापलं की प्रत्येक अक्षर वेगळं पडतं. देवनागरी शब्द शिरोरेघेला लोंबतो. ‘मोरया’ कापा, सगळा शब्द एका तुकड्यात हातात येतो. ‘गणपती’ कापा. ग आणि ण यांचे दोन दोन भाग खाली वेगळे दिसले तरी वरून धरलेले असतात. शिरोरेघ जरा जाड ठेवली की झालं. घोटाळा होतो अनुस्वाराशी. पालखीच्या आधी दिंड्यांचे टेम्पो येतात, त्यांना पुढच्या काचेच्या कोपऱ्यात दिंडीचा क्रमांक हवा असतो. ‘दिंडी’वरचं ते टिंब अधांतरी. पहिल्या वर्षी लोणंदपासून फलटणपर्यंत येईतो किती टेम्पोंची टिंबं गळाली होती! आता मी टिंबाला शिरोरेघेशी जोडणारी बारीक मान काढतो, किंवा सगळी अक्षरं पारदर्शक विनाईलवर छापून बाहेरून एकच लांबट गोल आकार कापतो. अनुस्वार गळालेला शब्द मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही.

छपाईचं थोडक्यात सांगतो. गाडीला हे विनाईल आतूनच लावावं. बाहेरून लावलं तर वारा कडेतून शिरून उडवतो. आतून लावायचं आणि बाहेरून वाचायचं, म्हणजे पारदर्शक विनाईलवर उलटं छापायचं. आधी रंग, त्यावर शेवटी पांढरा थर. तो नसेल तर रंग काचेवर विरून गेल्यासारखे दिसतात. दुकानाच्या काचेला बाहेरून लावायचं असेल तर क्रम फिरतो : सुलटं छापायचं, पांढरा आधी. मऊ करणारं ते द्रव्य पृष्ठभागावर येत राहतं, म्हणून शाई धरते का हे दर रोलला तपासायचं. सॉल्व्हंट शाई असेल तर एक दिवस वाळू द्यायची, नाहीतर कडा वळतात.

लावताना काच साबणाच्या पाण्यानं धुवायची, पाण्याचा फवारा मारायचा, विनाईल टेकवून मधून कडेकडे स्क्वीजीची पट्टी ओढायची. काढल्यावर फेकायचं नाही. कोमट पाण्यानं धुऊन त्याच कागदावर परत ठेवलं तर पुढच्या वर्षी चालतं. कायमचं मात्र ते नव्हे. उन्हात ते मऊपणा देणारं द्रव्य उडत जातं, विनाईल आकसतं, कडक होतं. ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटवर तर लावूच नये. ते द्रव्य प्लास्टिकमध्ये उतरतं, आणि मग विनाईल सुटत नाही किंवा खालच्या प्लास्टिकला तडे जातात. गाडीच्या रंगावरही मी लावून देत नाही.

एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. सहज निघतं म्हणून कायदा चालवून घेईल, असं समजू नका. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हा काचेवर लावायचं फिल्मसारखं दुसरं साहित्यही त्यातून सुटलं नाही. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. अख्खी काच झाकणारं काम माझ्याकडे होत नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असो. कोपऱ्यात, चालकाच्या नजरेआड, तळहाताएवढं, इतकंच मी करतो. उलट टोलचा फास्टॅग बघा. तो काढायला गेलं की आतली तार तुटावी अशीच त्याची रचना असते, कारण तो एका गाडीवरून दुसरीवर जायला नको. कायम राहायचं ते कायम राहावं, पाहुणा म्हणून आलेलं अंग न दुखवता निघावं. कारागिरानं हा फरक गिऱ्हाइकाला आधीच विचारून घ्यायला हवा.

शेवटी एक विनंती. कापताना पुष्कळ तुकडे उरतात, आणि अनेक दुकानांच्या मागे संध्याकाळी ते पेटवलेले दिसतात. पीव्हीसी जाळलं की हायड्रोजन क्लोराईडचा धूर निघतो, घसा आणि डोळे जाळणारा. डायऑक्सिनसारखी विषंही तयार होतात. रेडियमचं काम करणारी मुलं इथे बसली असतील, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे : तुकडे पोत्यात भरा, सुक्या कचऱ्यात वेगळे द्या, जाळू नका.

दाराजवळच्या टेबलावर मी ‘दिंडी’ असं कापलेले काही तुकडे ठेवले आहेत, अनुस्वारासकट. जाताना सभागृहाच्या काचेला लावून बघा, काढून बघा. नंतर पुन्हा कागदावर ठेवा, उद्याच्या श्रोत्यांनाही ते बघायचे आहेत.