दोन कोटितीर्थे
(शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शताब्दीच्या व्याख्यानासाठी मी ‘बेटावरचे एक गाव’ हा विषय कळविला, तेव्हा कार्यवाहांनी हसत विचारले, “सर, आपल्या उज्जयिनीत समुद्र कुठला आणि बेट कुठले?” प्रश्न रास्त होता. परंतु या नगरीतील माणसाला कोटितीर्थ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. महाकालाच्या प्रांगणातील त्या कुंडाच्या पायऱ्या आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. याच नावाचे दुसरे तीर्थ गोव्यात, मांडवी नदीतील दिवाडी बेटावर, नारवे गावी आहे. त्या तीर्थाकाठचा देव मात्र आज तेथे नाही. तो नदीपलीकडे गेला. माणसे गाव सोडून जातात तेव्हा त्यांच्या मालमत्तेचे काय होते, आणि जी मालमत्ता कोणा एकाची नसतेच ती कोणी सांभाळायची, हे दोन प्रश्न त्या बेटाने मला विचारले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

दिवाडीला जायचे तर आजही नदी ओलांडावी लागते. बेटाला बाहेरच्या भूमीशी जोडणारा रस्त्याचा पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि डिचोलीच्या अंगाचे नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोटी चालतात. पायी जाणाऱ्याला भाडे नाही. सपाट बुडाच्या त्या बोटीत माणसे, दुचाक्या, भाजीच्या टोपल्या, शाळेची मुले असे सगळे शेजारी शेजारी उभे असते. पाण्यावरचा प्रवास अवघ्या काही मिनिटांचा. पण बेटावरचा दिवस त्या काही मिनिटांच्या हिशेबाने चालतो. लग्नाचा मुहूर्त, परीक्षेची वेळ, आजाऱ्याला हलविण्याची घाई, सर्वांना धक्क्यावर थांबावेच लागते. गंमत अशी की १९९८ साली पूर्णपणे सुरू झालेल्या कोकण रेल्वेचा मार्ग करमळी आणि थिवी या स्थानकांच्या मध्ये याच बेटावरून जातो. गाडी दिवाडीच्या शेतांवरून धडधडत निघून जाते. दिवाडीकराला मात्र ती गाडी गाठण्यासाठी आधी बोट गाठावी लागते.

आता देवाची कथा. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर. त्याचे देवालय नारव्यास होते. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते पडले. पुढे विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा उभारले. १५१० साली पोर्तुगीज आले आणि १५४० च्या सुमारास देवालय पुन्हा उद्ध्वस्त झाले. लिंग भक्तांनी गुप्तपणे नदीपार नेले, तेव्हा पलीकडचा डिचोलीचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली; तसा शिलालेख देवालयाच्या दारावर आहे. अलीकडे झालेला त्याचा जीर्णोद्धार २०२३ साली पूर्ण झाला. यात मला विशेष वाटते ते हे, की देवाबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून गेले. आज दोन्ही तीरांवर नारवे आहे. जमीन, झाडे, तळे, काहीच उचलून नेता येत नव्हते. नेता आला तो देव आणि नेता आले ते नाव.

मागे राहिलेल्या जमिनीचे काय झाले, हे समजण्यासाठी गावकरी नावाची संस्था समजून घ्यावी लागते. गोव्यातील अनेक गावांत जमीन मुळात व्यक्तीची नव्हती, गावाची होती. प्रथम वसाहत करणाऱ्या घराण्यांचे पुरुष वंशज ते गावकर. शेते ठराविक मुदतीने लिलावाने कसायला दिली जात. त्या उत्पन्नातून सरकारी भरणा, बांधांची दुरुस्ती, देवालय आणि गावकामगार यांचा खर्च भागे. उरलेला भाग गावकरांत वाटला जाई, त्याला झोण म्हणत. पोर्तुगीजांनी ही पद्धत मोडली नाही. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावकरींचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले. या प्रदेशाचे तिसवाडी हे नावच तीस गावांवरून पडले. परंतु १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कार्याकडे वळविण्यात आले. म्हणजे व्यवस्था टिकली. ज्या देवासाठी तिचा काही भाग राखलेला होता, तो देव तेवढा उरला नाही.

ही व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणणार नाही. स्त्रियांना तीत वाटा नव्हता. चिखलात राबणाऱ्या अनेकांना गावकर म्हणवून घेण्याचा अधिकार नव्हता. तरीही तिने एक काम चोख केले. दिवाडीची सखल शेते म्हणजे खाजन जमीन, भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीच्या बांधांनी राखलेली. बांधातील मानस, म्हणजे पाण्याचे दार, भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. अशा शेतात खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तर खारे पाणी फक्त त्या शेतात थांबत नाही, शेजाऱ्याच्याही शेतात शिरते. म्हणूनच बांध कोणा एकाचा असून चालत नाही.

सीमांवरून भांडणे झालीच नाहीत असे नव्हे. दिवाडीत ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराम नावाचा उत्सव होतो. बांदेरा म्हणजे पोर्तुगीज भाषेत निशाण. वाड्यावाड्यांत हद्दीवरून तंटे होत, म्हणून सीमेवर निशाणे रोवली गेली आणि ती पाडण्याची चढाओढ लागली, असे सांगतात. आज मिरवणुका निघतात, मुले बांबूच्या नळीतून फळे उडवतात. मालमत्तेच्या तंट्याचे सणात रूपांतर करणारे हे गाव मला शहाणे वाटले.

गोवा १९६१ साली मुक्त झाला. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्यातील दुरुस्ती यांमुळे कसणारी कुळे मालक झाली. न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण बांध कोणी राखायचा, हा प्रश्न मात्र नव्याने उभा राहिला. गावकरी पूर्वीची उरली नव्हती. ती जबाबदारी कूळ संघांवर आली. मालकी कागदावर एका दिवसात बदलते. बांधाची काळजी घेण्याची सवय तशी एका कागदाने हस्तांतरित होत नाही. त्यात घरटी एखादे माणूस मुंबईला वा परदेशी गेलेले. बेटावरच्या पोर्तुगीज वळणाच्या कित्येक घरांना कुलपे दिसतात. वारसांची संख्या वाढते आणि बांधावर माती टाकणारे हात कमी होतात.

श्रोतेहो, आता उज्जयिनीकडे वळतो. आपणही नदी ओलांडून आलेली माणसे आहोत. तेराव्या शतकात उद्ध्वस्त झालेले महाकालाचे देवालय अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात पुन्हा उभे राहिले, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांच्या हातून. तोवर लिंग कोटितीर्थाच्या पाण्यात राखले होते, अशी परंपरा आहे. दिवाडीच्या कोटितीर्थाकाठचा देव परागंदा झाला. आपल्या कोटितीर्थाने देव पोटात ठेवला आणि परत दिला.

शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांना गावाकडचा वाडा आणि शेत बरोबर आणता आले नाही. आणता आली ती भाषा. दौलतरावांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलविली, दरबार गेला. भाषा मात्र येथे राहिली. तिला बांध हवा होता, आणि शंभर वर्षांपूर्वी काही मंडळींनी तो घातला. हे वाचनालय म्हणजे तो बांध. येथील एकही पुस्तक माझे नाही, एकही तुमचे नाही, म्हणूनच ते सर्वांचे आहे. आपली नातवंडे घरी हिंदीत बोलतात, पुण्या-बंगळूरला जातात. त्यात तक्रारीचे काही नाही, आपले पूर्वजही असेच निघाले होते. प्रश्न एवढाच आहे की येथे मागे राहणाऱ्यांपैकी किती जण दर वर्षी या बांधावर एक पाटी माती टाकणार?

वर्गणी वेळेवर भरणे, संध्याकाळी अर्धा तास येऊन बसणे, एका मुलाला बोट धरून येथे आणणे, या सगळ्या त्या मातीच्या पाट्याच आहेत. भरती कोणाला विचारून येत नाही. बांध राखायचा असतो तो ओहोटीच्या वेळी.