होडीचें यंत्र: दुरुस्त करावें कीं नवें घ्यावें?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या कोळी बांधवांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजचा विषय ऐकून कित्येकांस हसूं आलें असेल. सेमिनरींत लॅटिन व तत्त्वज्ञान शिकलेल्या धर्मगुरूनें होडीच्या यंत्राविषयीं काय सांगावें? परंतु मी कोळ्याचाच मुलगा आहें, आणि जें सांगणार आहें त्यांतील बराचसा भाग माझ्याच चुकीचा आहे.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं वसईच्या खाडीच्या मुखाशीं माझ्या थोरल्या बंधूंचें दोन सिलिंडरांचें यंत्र तापून बंद पडलें. कारण क्षुल्लक होतें. यंत्रांत थंड पाणी खेळविणारा रबरी पंखा, ज्यास मिस्त्री इंपेलर म्हणतात, तो खाडीच्या गाळानें झिजला होता. यंत्रांतून बाहेर पडणारी पाण्याची धार कांहीं दिवस बारीक होत चालली होती. तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. थोडक्या पैशांचा पंखा गेला आणि जातांना वरचा पिस्टन घेऊन गेला. दादा मला विचारावयास आले. यंत्र वडिलांनीं घेतलेलें. मीं काटकसर व पितृभक्ति असा दुहेरी उपदेश केला आणि दुरुस्त करा म्हणून सांगितलें. दुसरा सिलिंडर आंतून कसा आहे हें आधीं पाहावें, असें दोघांपैकीं एकासही सुचलें नाहीं.

त्या वर्षीं पिस्टन बदलला, पुढल्या वर्षीं खालचा सिलिंडर गेला, त्यानंतर क्रँकचें बेअरिंग. मिस्त्रीनें तिन्ही वेळां प्रामाणिकपणें काम केलें. दोष माझ्या सल्ल्याचा. हिशेब मांडला तेव्हां नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक रक्कम जुन्यांत गेली होती. आणि तरीही तें चवथ्यांदा थांबलें! सायंकाळची वेळ, ऐन ओहोटी, होडीवर माझा बारा वर्षांचा पुतण्या, आणि वल्हीं घरीं राहिलेलीं. नांगरानें कशीबशी जमीन धरली म्हणून होडी बाहेर वाहून गेली नाहीं. दुसऱ्या एका नाखव्यानें दोर टाकून ती ओढून आणिली. त्या रात्रीं वहिनी मजशीं एक शब्दही बोलल्या नाहींत.

आतां उलट बाजू ऐका. त्याच बंदरावरील एका तरुणास आपल्या यंत्राच्या गिअरपेटींतील तेल दुधासारखें पांढरें झालेलें दिसलें. तो घाबरला. घरांतील सोनें गहाण ठेवून त्यानें नवें यंत्र आणिलें व जुनें भंगाराच्या भावानें विकलें. ज्यानें तें घेतलें त्यानें शाफ्टचें सील बदललें, नवें तेल भरलें आणि पुढें कित्येक हंगाम त्याच यंत्रावर मासे आणिले. तेल पांढरें होणें म्हणजे आंत पाणी शिरलें, इतकेंच. दांते व बेअरिंग गंजण्यापूर्वीं तें ओळखलें तर तो मोठा रोग नव्हे.

दादांनीं न उघडतां ठेविलें, त्या तरुणानें न उघडतां टाकिलें. म्हणून माझें म्हणणें असें कीं बंदरावर उभें राहून, संतापाच्या भरांत, निर्णय करूं नये. प्लग काढावे, दाबमापक लावावें, दोरी ओढावी. दोन्ही सिलिंडरांचे आंकडे जवळजवळ सारखे आले तर धीर धरावा. एकाचा आंकडा दुसऱ्याहून दहाव्या हिश्शापेक्षां अधिक उणा आला तर यंत्र उघडल्यावांचून एक रुपयाही खर्चूं नये. प्लग, कॉइल, कार्ब्युरेटर, इंपेलर, सील, हीं यंत्राचीं वस्त्रें आहेत. तीं बदलतां येतात. पण सिलिंडरचा ठोकळा मिठानें आंतून खाल्ला असेल किंवा क्रँक वांकला असेल, तर तेथें मोह सोडावा. सुटे भाग मिळतात कीं नाहीं हेंही विचारावें. नॉर्वेंत जन्मलेल्या ओले इव्हिनरूडनें अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं अशीं यंत्रें १९०९ च्या सुमारास विकावयास काढलीं. त्याच्या नांवाचीं यंत्रें करणें २०२० सालीं बंद झालें. एवढें जुनें नांवही संपतें.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक झाला कीं नवें घ्यावें, असा ठोकताळा सांगतात. मला तो अपुरा वाटतो. मागील दोन हंगामांत जें खर्चिलें तें त्यांत मिळविलें पाहिजे. शिवाय होडी जाते कोठें? खाडीच्या आंत जाळें टाकून वल्हवीत परत येणाऱ्यास जुनें यंत्र पुरेल. मुखाबाहेर मुलांस घेऊन जाणाऱ्यास तो हिशेब लागू नाहीं.

यंत्र समुद्रांत पडलें असेल तर मात्र विचार करीत बसूं नये. गोड्या पाण्यानें धुऊन, प्लग काढून आंतील पाणी काढावें, तेल घालावें आणि त्याच दिवशीं मिस्त्रीकडे न्यावें. चालू असतांना बुडालें असेल तर दोरी हिसडूं नये. आंतील दांडा वांकलेला असूं शकतो.

नवें घेतांनाही होडीची मागची फळी मोजून जावें. शाफ्ट साधारणतः १५ इंची किंवा २० इंची येतो. आंखूड पडला तर पंखा हवा खातो. फोर-स्ट्रोक यंत्र तेल कमी पितें, पण वजनानें जड असतें, आणि आपल्या जुन्या होड्यांच्या फळ्या कुजक्या असतात हें तुम्ही जाणतांच. हें सारें पाहण्यास पावसाळी बंदीचे, १ जून ते ३१ जुलै, हे दिवस उत्तम. ऑगस्टच्या आरंभीं मिस्त्री सांपडत नाहीं. सावकार मात्र सांपडतो.

दादांनीं अखेर नवें यंत्र घेतलें, आणि तेव्हांपासून वल्हीं होडींतून कधीं उतरलीं नाहींत. मीं एक दाबमापक विकत घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयांत ठेविलें आहे. ज्यास हवें त्यानें वहींत नांव लिहून न्यावें व दुसऱ्या दिवशीं पुसून परत आणावें. मागच्या वेळीं तें ओलेंच परत आलें होतें.