वेढ्यातले नाटक



वसाहतींत ठाण मांडलेल्या इंग्रज पलटणींना हौशी नाटकांचा मोठा नाद होता. त्यांतल्या एकाच रात्रीची हकीकत आज सांगतो.

गाव अमेरिकेतले बोस्टन. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे गोळ्या झडल्या आणि वसाहतीतल्या शेतकऱ्या-कारागिरांनी बोस्टनला वेढा घातला. १७ जूनला बंकर हिलची लढाई इंग्रजांनी जिंकली खरी, पण त्यांची हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. पुढे हिवाळा आला. सरपण संपले, तेव्हा लाकडी घरे पाडून शेकोट्या पेटल्या. आठ पेन्स रोजाचा शिपाई थंडीत पहारा देई. अधिकाऱ्यांना मात्र वेळ जाईना. त्यांनी फॅन्युइल हॉलमध्ये नाटके मांडली.

हा हॉल म्हणजे नागरिकांच्या सभेची जागा. करांविरुद्ध आवाज तिथेच उठला होता. शिवाय मॅसॅच्युसेट्समध्ये १७५० च्या कायद्याने नाटकाला बंदी होती. लोकांची जागा आणि लोकांचा कायदा, दोन्हींच्या नाकावर टिच्चून हा पडदा वर गेला! खेळाचे उत्पन्न शिपायांच्या विधवा-मुलांसाठी ठेवीत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

८ जानेवारी १७७६ च्या रात्री जनरल बर्गॉइनचे ‘बोस्टनचा वेढा’ हे प्रहसन होते. त्यात भलामोठा टोप घातलेला, गंजकी तलवार लटकावलेला वॉशिंग्टन दाखवून त्याची टर उडवायची होती. नेमक्या त्याच वेळी मेजर नोल्टनच्या तुकडीने पलीकडे चार्ल्सटाउनात घरांना आग लावली. एक सार्जंट धावत रंगमंचावर आला आणि ओरडला, शत्रू चालून आला! प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काय झकास नट आहे, असे त्यांना वाटले. अधिकाऱ्यांना ठाण्यावर जाण्याचा हुकूम सुटला तेव्हा हसू मावळले आणि रंगवलेली तोंडे धुवायला पाण्यासाठी धावपळ उडाली. १७ मार्चला इंग्रजांनी बोस्टन सोडले.

इंग्रजांना हसणे सोपे आहे. पण मी स्वतः एका द्वारसभेत मॅनेजरची नक्कल करीत होतो, लोक पोट धरून हसत होते. एक पोरगा गर्दीतून ओरडला, “दादा, मागच्या फाटकातून यंत्रे चालली!” सगळे आणखीच हसले. मीही हसलो. सभा संपली तेव्हा दोन लॉऱ्या निघून गेल्या होत्या.

विरोधकाची टर जरूर उडवा. पण धापा टाकीत आलेल्या माणसाला नट समजू नका. तो सार्जंट असो की पोरगा, आधी हसणे थांबवा आणि त्याला विचारा, “बाबा, काय झाले?”